दारू सुटली, सिगारेट राहिली : बिल विल्सन यांची जीवनकथा

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हरमाँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील ईस्ट डॉर्सेट या खेड्यातील एका लहानशा हॉटेलात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्यम ग्रिफिथ विल्सन यांचा जन्म झाला. हे हॉटेल विल्सन कुटुंबाचेच होते, आणि ज्या खोलीत बाळ जन्मले ती मद्यगृहाच्या पाठीमागची खोली होती. पुढे ज्या माणसाच्या नावाशी मद्यमुक्तीचे जगभरचे कार्य जोडले गेले, त्याने पहिला श्वास दारूच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत घ्यावा, यात प्रभूच्या योजनेचे काही सूत्र असेल तर ते त्या दिवशी कोणाला उमगणे शक्य नव्हते.

दारू या घराण्याला नवी नव्हती. बिलचे वडिलांकडचे आजोबा अट्टल मद्यपी होते. एका रविवारी ते जवळच्या डोंगरावर गेले, तेथे त्यांनी देवाचा धावा केला, आणि खाली उतरून थेट गावच्या चर्चमध्ये येऊन आपल्याला काय अनुभव आला ते मंडळीपुढे सांगितले. त्यानंतर त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही. वडील गिलमन हेही पिणारे होते. बिल दहा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. आईने घटस्फोट घेतला आणि वैद्यकीय शिक्षणासाठी ती बोस्टनला गेली. बिल व त्याची धाकटी बहीण आईच्या आईवडिलांकडे वाढली.

आजोबांनी एकदा सहज म्हटले की, ऑस्ट्रेलियातील आदिवासींखेरीज बूमरँग कोणालाच बनवता येत नाही. बिलने ते आव्हान मानले. सहा महिने लाकडे कापून, तासून, अखेर फेकणाऱ्याकडे परत येणारे बूमरँग त्याने बनवलेच. सर्वांहून वरचढ ठरण्याची ही ओढ त्याच्या स्वभावात शेवटपर्यंत राहिली. तिने त्याला बळही दिले आणि खड्ड्यातही ढकलले. शाळेत असताना त्याचे जिच्यावर प्रेम होते ती मुलगी १९१२ साली शस्त्रक्रियेनंतर अकस्मात मरण पावली. या आघाताने तो खोल निराशेत गेला. लहानपणची जी काही श्रद्धा होती ती त्या सुमारास विझली.

पहिला पेला

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तरुण लष्करी अधिकारी म्हणून विल्सन यांची नेमणूक मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे झाली. गावातील श्रीमंत घराणी अधिकाऱ्यांना मेजवान्या देत. उंच, सडपातळ, बुजऱ्या अशा या तरुणाला चार माणसांत कसे वावरावे हे कळत नसे. अशाच एका मेजवानीत कोणी तरी त्यांच्या हाती मद्याचा पेला ठेवला. तो घेताच आपल्या आणि इतरांच्या मधली भिंत कोसळली असे त्यांना वाटले. ज्याला आजवर कोठेच आपले वाटले नव्हते, त्याला एकाएकी सगळे आपले वाटू लागले.

व्यसनाचे मूळ समजून घ्यायचे तर हा क्षण ध्यानात ठेवावयास हवा. बहुतेक माणसे नाश व्हावा म्हणून पीत नाहीत. पहिल्या पेल्याने त्यांना काही तरी दिलेले असते. धीर, विसर, झोप, माणसांत मिसळण्याचे बळ. ते उसने असते, आणि त्याचे व्याज पुढे चक्रवाढ दराने फेडावे लागते.

२४ जानेवारी १९१८ रोजी ब्रुकलिन येथे लोईस बर्नहॅम या डॉक्टरच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. फ्रान्समधील युद्धसेवेनंतर ते न्यूयॉर्कला परतले. त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, पण तेथेही दारू आड आली व पदवी हाती पडली नाही. पुढे शेअरबाजारात त्यांनी नाव कमावले. १९२५ साली नोकऱ्या सोडून पतीपत्नी मोटारसायकलवर निघाली आणि ठिकठिकाणचे कारखाने पाहून त्यांची खरी स्थिती दलालांना कळवू लागली. त्या काळात ही दृष्टी नवी होती. पैसा भरपूर आला, आणि त्याच वेगाने दारूही वाढली. १९२९ च्या ऑक्टोबरात बाजार कोसळला. विल्सन यांचे सर्वस्व गेले, दारू मात्र राहिली.

त्यानंतरची पाच वर्षे लोईस यांच्या कष्टांवर घर चालले. त्या एका मोठ्या दुकानात तुटपुंज्या वेतनावर काम करीत आणि माहेरच्याच घरी, क्लिंटन स्ट्रीटवर, पतीला सांभाळीत. त्यांची अपत्याची आशा वारंवार विफल झाली होती. संध्याकाळी घरी परतल्यावर पती दाराशी पडलेला दिसेल की पाकिटातील पैसे गेलेले असतील, याचा नेम नसे. कौटुंबिक बायबलमध्ये विल्सन यांनी दारू सोडण्याच्या शपथा स्वहस्ते लिहून ठेवल्या होत्या. त्या शपथा खोट्या नव्हत्या. लिहिताना त्यांना तसेच वाटत होते. पण पाळण्याची शक्ती उरलेली नव्हती.

पाप की आजार?

१९३३ व १९३४ या दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात त्यांना चार वेळा दाखल व्हावे लागले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी हजारो मद्यपी तपासले होते. मद्यपी हा केवळ दुबळ्या मनाचा किंवा नीतिभ्रष्ट माणूस नसून तो आजारी असतो, असे त्यांचे मत होते. एक पेला पोटात गेला की शरीर दुसरा मागते आणि थांबणे अशक्य होते. न पिता राहिले तर मन पहिल्या पेल्याकडे ओढ घेते. अशा दुहेरी पाशात तो सापडलेला असतो. शरीराच्या या प्रतिक्रियेला डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटले. आजचे वैद्यकशास्त्र तो शब्द वापरीत नाही, परंतु दीर्घकाळच्या मद्यपानाने मेंदूच्या कार्यातच बदल होतात आणि इच्छाशक्ती पांगळी होते, हे आता मान्य झाले आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मद्यासक्ती हा आजार असल्याचे जाहीर केले.

सिल्कवर्थ यांनी लोईस यांना एक कटू सत्यही सांगितले. दारू अशीच चालू राहिली तर पतीचा मेंदू निकामी होईल किंवा मृत्यू येईल. त्यांना कोठे तरी कोंडून ठेवण्यावाचून उपाय नाही. आजाराचे ज्ञान झाले म्हणून आजार बरा झाला नव्हता. रुग्णालयातून बाहेर पडलेले विल्सन पुन्हा प्यायले.

स्वयंपाकघरातील पाहुणा

१९३४ च्या नोव्हेंबरमध्ये एबी थॅचर हे त्यांचे जुने मित्र भेटीस आले. एबी हे विल्सन यांच्याइतकेच पिणारे होते. स्वयंपाकघरातील मेजावर विल्सन यांनी पेला पुढे केला, तो एबींनी नाकारला. त्यांचा चेहरा ताजातवाना दिसत होता. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संगतीत आपण दारू सोडली असल्याचे त्यांनी सांगितले. न्यूयॉर्कमध्ये कॅल्व्हरी चर्चचे पाळक रेव्ह. सॅम्युएल शूमेकर हे त्या चळवळीचे आधारस्तंभ होते. आपला पराभव मान्य करावा, दुसऱ्या माणसाजवळ आपल्या अपराधांचा अंगीकार करावा, ज्यांचे नुकसान केले ते भरून द्यावे, देवाची प्रार्थना करावी आणि मोबदल्याची अपेक्षा न धरता इतरांना साहाय्य करावे, इतकीच त्यांची शिकवण होती. त्यात नवे असे काही नव्हते. नवा होता तो सांगणारा. जो स्वतः त्याच चिखलातून वर आला होता, त्याचे बोलणे विल्सन यांना झटकून टाकता येईना.

११ डिसेंबर १९३४ रोजी ते चौथ्यांदा टाउन्स रुग्णालयात गेले. वाटेतही ते प्यायले होते. त्यांच्या आयुष्यातील ती शेवटची दारू. दोन-तीन दिवसांनी, निराशेच्या तळाशी असताना, देव असेल तर त्याने प्रकट व्हावे असा आक्रोश त्यांनी केला. खोली प्रकाशाने भरून गेली, आपण डोंगरमाथ्यावर उभे आहोत आणि वाऱ्यासारखा आत्मा आपल्यातून वाहत आहे, असे त्यांना वाटले. मग खोल शांती पसरली. आपल्याला वेड तर लागले नाही ना, असे त्यांनी घाबरून डॉक्टरांना विचारले. जे काही लाभले आहे ते घट्ट धरून ठेवा, असा सल्ला सिल्कवर्थ यांनी दिला. त्या रुग्णालयात बेलाडोना वनस्पतीचे औषध देत असत, त्याचाच हा परिणाम असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. तो वाद कोणी कसाही सोडवो. आजोबांच्या डोंगराची आठवण करून देणाऱ्या त्या रात्रीनंतर विल्सन ३६ वर्षे जगले आणि त्यांनी पुन्हा दारू घेतली नाही.

ॲक्रनचा दूरध्वनी

पुढचे पाच-सहा महिने ते भेटेल त्या मद्यप्याला आपला प्रकाशाचा अनुभव सांगत सुटले. एकही माणूस सुधारला नाही. डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना समजावले की, प्रवचन थांबवावे आणि आधी आजाराचे भीषण स्वरूप सांगावे. लोईस यांनी तर एक साधीच गोष्ट दाखवून दिली. दुसरे कोणी सुधारले नसेल, पण या सहा महिन्यांत स्वतः विल्सन प्यायले नव्हते.

१९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी ते ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी गेले. काम फसले, सोबती परतले. शनिवारची संध्याकाळ, परके गाव, खिशात जेमतेम दहा डॉलर. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात एका टोकाला मद्यगृहातील हास्यविनोद ऐकू येत होता. दुसऱ्या टोकाला दूरध्वनी होता आणि गावातील चर्चची यादी लावलेली होती. विल्सन येरझारा घालू लागले. एक पेला घ्यावा, कोणाशी ओळख होईल, असे मनात येताच ते भ्याले. आपल्याला या घटकेला दुसरा एखादा मद्यपी हवा आहे, त्याला वाचवण्यासाठी नव्हे तर स्वतः वाचण्यासाठी, हे त्यांना उमगले. ते दूरध्वनीकडे वळले.

यादीतील रेव्ह. वॉल्टर टंक्स यांनी काही नावे दिली. एकामागून एक प्रयत्न निष्फळ ठरत अखेर हेन्रिएटा साइबरलिंग या श्रद्धाळू बाईंशी संपर्क झाला. त्यांच्या ओळखीचे डॉ. बॉब स्मिथ हे शस्त्रक्रियातज्ज्ञ दारूपायी व्यवसाय गमावण्याच्या बेतात होते. त्यांच्यासाठी त्या कितीतरी दिवस प्रार्थना करीत होत्या. त्या दिवशी मात्र डॉक्टर नशेत घरी पडले होते. दुसऱ्या दिवशी, रविवार १२ मे रोजी, संध्याकाळी पाच वाजता ते आले. केवळ १५ मिनिटे बसू, अशी अट त्यांनी पत्नीला घातली होती. ते उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

डॉ. बॉब त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ प्रार्थनासभांना जात होते, बायबल वाचीत होते, आणि पीतही होते. त्यांना उपदेशाची वाण नव्हती. पण त्या संध्याकाळी समोर बसलेला माणूस त्यांना सुधारायला आलेला नव्हता. आपली कहाणी सांगून तो स्वतःसाठी मदत मागत होता.

त्यानंतर डॉक्टर एकदा घसरले. १० जून १९३५ च्या सकाळी त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. ते स्थिर व्हावेत म्हणून विल्सन यांनीच त्यांना बिअरची एक बाटली दिली. शस्त्रक्रिया पार पडली. डॉक्टर मात्र तासन्तास घरी आले नाहीत. ते दारू प्यायला गेले नव्हते. ज्यांचे देणे होते, ज्यांना दुखावले होते, त्यांच्या दारी जाऊन ते चुका कबूल करीत होते. ती बिअर त्यांची शेवटची ठरली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या बंधुभावाचा हाच स्थापनादिन मानला जातो.

पैशाला आणि नावाला नकार

हळूहळू संख्या वाढत गेली. टाउन्स रुग्णालयाच्या मालकांनी विल्सन यांना पगारी नोकरी देऊ केली, पण सोबत्यांनी नको म्हटले, कारण जे फुकट मिळाले ते विकणे योग्य नव्हते. १९३८ साली धनाढ्य रॉकफेलर यांच्याकडे मोठ्या देणगीची आशा धरण्यात आली. पैशाने हे कार्य बिघडेल असे म्हणून त्यांनी फक्त ५,००० डॉलर दिले. त्या वेळी विल्सन हिरमुसले, पुढे त्यांनी तेच तत्त्व कायमचे स्वीकारले. १९३९ च्या एप्रिलमध्ये १२ पायऱ्या सांगणारे पुस्तक निघाले. नास्तिकालाही दार उघडे राहावे म्हणून देवाविषयीचे शब्द जाणीवपूर्वक मोकळे ठेवले गेले. त्याच महिन्यात विल्सन पतीपत्नींचे राहते घर कर्जात गेले आणि सुमारे दोन वर्षे ती मित्रांच्या घरी दिवस काढीत राहिली.

ख्रिस्तसभेच्या सेवकांनी या कार्याला दिलेला हात विसरता येणार नाही. मद्यप्यांना दाखल करून घ्यायला रुग्णालये राजी नसत, तेव्हा ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ साली डॉ. बॉब यांच्या रुग्णाला जठराच्या विकाराच्या नावाखाली आत घेतले आणि पुढे हजारोंची शुश्रूषा केली. जेझुइट धर्मगुरू फादर एडवर्ड डाउलिंग १९४० च्या सुमारास एका थंडगार रात्री काठी टेकत आले आणि विल्सन यांचे आजन्म मार्गदर्शक झाले. १९४७ च्या सुमारास विल्सन यांनी मोन्सिन्योर फुल्टन शीन यांच्याकडे कॅथलिक धर्मशिक्षणही घेतले. ते कोणत्याच चर्चचे सभासद मात्र झाले नाहीत.

दारू सुटली म्हणजे सर्व सुखाचे झाले असे नाही. १९४४ पासून दहाएक वर्षे तीव्र औदासीन्याने त्यांना ग्रासले. कित्येक दिवस ते मेजावर डोके टेकून बसून राहत. वैवाहिक जीवनातही त्यांच्याकडून लोईस यांच्यावर अन्याय झाला, असे चरित्रकार नमूद करतात. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी हे द्रव्य घेऊन पाहिले. त्या वेळी ते बेकायदा नव्हते, तरी सोबत्यांना ते रुचले नाही आणि विल्सन यांनी तो नाद सोडला. हा माणूस संत नव्हता, आणि आपण संत आहोत असे त्याने भासवलेही नाही. १९५४ साली येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी त्यांनी नाकारली. १९५५ साली त्यांनी चळवळीची सूत्रे सभासदांच्या हाती सोपवली. हयातभर ते बाहेरच्या जगाला केवळ बिल डब्ल्यू. म्हणून ठाऊक होते.

सिगारेटचा हिशेब

आता या जीवनकथेतील ते पान, जे पुष्कळदा वगळले जाते.

विल्सन तरुणपणापासून सिगारेट ओढीत. दारू सुटल्यावरही धूर सुटला नाही. त्या काळच्या सभांत कॉफी आणि सिगारेट ही नित्याची गोष्ट होती. दारूने घर मोडते, अब्रू जाते, माणूस रस्त्यावर पडतो. सिगारेट असे काही करीत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी शत्रू म्हणून पाहिले नाही. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. विल्सन यांना एम्फिसीमा जडला होता. या विकारात फुफ्फुसातील नाजूक वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात, फुफ्फुसांची लवचिकता जाते, घेतलेली हवा नीट बाहेर पडत नाही आणि रक्ताला प्राणवायू कमी पडतो. गेलेले वायुकोश पुन्हा येत नाहीत. निदान झाल्यावरही ते ओढीतच राहिले. दारूला जिंकलेल्या माणसाने अखेरच्या एक-दोन वर्षांत सिगारेट सोडली खरी, पण तोवर फार उशीर झाला होता.

१९७० च्या जुलैत मायामी येथील अधिवेशनात त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणावे लागले. प्राणवायूच्या आधारावर असलेले विल्सन मोजकी मिनिटेच बोलू शकले. शेवटच्या आठवड्यांत त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या नोंदींत एक गोष्ट आढळते. मृत्युशय्येवर त्यांनी काही वेळा व्हिस्की मागितली. ती दिली गेली नाही. ३६ वर्षांनंतरही ती ओढ आत कोठे तरी जिवंत होती. २४ जानेवारी १९७१ रोजी, विवाहाच्या ५३ व्या वाढदिवशी, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांनी मायामीत देह ठेवला. ईस्ट डॉर्सेटच्या दफनभूमीत ते विसावले आहेत. मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही संघटना १९५१ साली उभी करणाऱ्या लोईस १९८८ साली निवर्तल्या.

आपल्यासाठी

आज या बंधुभावाचे गट सुमारे १८० देशांत आहेत. मुंबई, गोवा, पुणे यांसह भारतात अनेक ठिकाणी चर्चच्या किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत संध्याकाळी काही माणसे जमतात आणि पहिल्या नावाने आपली ओळख सांगतात. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याने एवढे लक्षात ठेवावे की, वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके व भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून पहिले पाऊल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच टाकावे. त्यानंतरचा प्रवास संगतीने करावा.

वाचकहो, आपल्या मंडळीत दारुड्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतील काहींच्या खिशात तंबाखूची पुडी व चुन्याची डबी असते. तोंडाचा, घशाचा, फुफ्फुसाचा कर्करोग हा भेद मानीत नाही. दारू आणि तंबाखू एकत्र आल्या तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेहून कितीतरी अधिक वाढतो. विल्सन यांच्या कहाणीने आपल्याला दोन गोष्टी करायला लावल्या तर ती वाचल्याचे सार्थक होईल. पहिली, मंडळीतील मद्यप्याशी बोलताना न्यायाधीशाची खुर्ची सोडून त्याच्या शेजारी बसणे. दुसरी, आपले स्वतःचे जे व्यसन अब्रूला धक्का न लावता शरीर पोखरीत आहे, त्याचे नाव देवापुढे आणि एखाद्या माणसापुढे आजच उच्चारणे. विल्सन यांनी पहिली गोष्ट ॲक्रनमध्ये त्या रविवारी केली आणि असंख्य घरे वाचली. दुसरी त्यांना वेळेवर साधली नाही.